शेवटच्या रिळातली बाई

कोणता पिच्चर निळ्या डब्बीतल्या चकतीत विकत घ्यावा आणि कोणता मोबाईलवर पाहून सोडून द्यावा, हे ऊर्जानगरातले लोक माझ्या पोराला विचारत. आता फारसं कोणी विचारत नाही, कारण चकत्याच कोणी घेत नाही. पण एके काळी त्याला त्यांचं वेड होतं. ब्लू-रे म्हणतात त्या चकतीला. क्वार्टरच्या हॉलमध्ये भिंतभर टीव्ही, त्याच्याखाली चकती लावायची काळी पेटी आणि बाजूच्या कपाटात निळ्या डब्ब्या ओळीनं उभ्या. वीज केंद्रातली पाळी करून आला की हातपाय धुवायच्या आधी तो त्या डब्ब्यांवरची राख पुसे. तिथं सगळ्याच सामानावर राख बसते. सून म्हणे, "मामाजी, देवाचा पाट एवढा कधी पुसला नाई यायनं."

मला कोणी विचारलं नाही. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. जन्म तलावात जाळं टाकण्यात आणि दुसऱ्याच्या बांधीत धान कापण्यात गेला. तरी या बाबतीत माझं मत आहे आणि ते मी पोराकडून उसनं घेतलेलं नाही. मी आयुष्यात एकच चकती घेतली. ती का घेतली आणि दुसरी का घेतली नाही, ते लिहून ठेवतो. अक्षर वाईट आहे, पण माझं आहे.

माझ्या बायकोला शुगर आहे. शुगरनं तिचे डोळे आतून खाल्ले. उजवा आधीच गेला होता. डाव्याच्या मधोमध काळा डाग येऊन बसला होता, त्यामुळे समोरचा माणूस दिसत नसे, त्याच्या बाजूची भिंत दिसे. कोणाचं तोंड पाहायचं असलं की ती मान तिरपी करून पाही. नवीन माणसाला वाटे, ही रागावली आहे. गडचिरोलीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ बत्ती मारून पाहिलं. बोलायला चांगल्या होत्या. म्हणाल्या, आहे तेवढं जपा, पण किती दिवस राहील ते मी सांगू शकत नाही. मी विचारलं, धान कापणीपर्यंत राहील का? त्या समोरच्या कागदाकडे पाहत राहिल्या. मला काय समजायचं ते समजलं.

परत येताना कुरखेड्याच्या एसटीत ती खिडकीला बसली होती. आरमोरी मागे पडली. मग म्हणाली, "अजी."

"काय?"

"मले तो पिच्चर पाहाचा हाये. डोंग्याचा."

"आता कुठी भेटन तो?"

"पूरा नको. शेवट पाहाचा हाये फक्त."

"शेवटी ते बाई रडते. किती खेपा सांगतलं तुले."

"तुमी सांगतलं," ती म्हणाली. "मी पाह्यलं नाई."

हे समजायला आमच्याकडे पिच्चर कसा दाखवत ते सांगावं लागेल. धान घरात आलं की गावोगावी मंडई भरते. लेकीबाळी माहेरी येतात, पाहुण्यांनी घर भरतं. आमच्या लग्नाच्या सुमाराला मंडईत पिच्चरवाला येई. त्याच्याजवळ ट्रक, मशीन आणि एक मोठा पांढरा कपडा. तलावाच्या पाळीखालच्या मैदानात दोन बल्ल्या गाडून तो कपडा मधोमध ताणत. मशीनच्या बाजूनं पुरुष बसत, कपड्याच्या पलीकडच्या बाजूनं बाया. एकाच कपड्यावर दोन्हीकडून पिच्चर. बायांना सगळं उलटं दिसे. नट डाव्या हातानं जेवे, पाट्यांवरची अक्षरं उलटी येत. वाचणारी कोणी नव्हती म्हणून अक्षरांचं कोणाला काही वाटलं नाही.

कोरड्या कपड्यातून पलीकडे उजेड नीट जात नाही. म्हणून पिच्चरवाल्याची माणसं तलावातलं पाणी आणून कपड्यावर बादल्या मारत. ओला झाला की पलीकडूनही साफ दिसे. रीळ बदलताना पुन्हा पाणी मारत. पण शेवटच्या रिळात कोणी बादली घेऊन पडद्याजवळ गेलं की सावली पडे आणि पुरुष शिव्या देत. ऐन रंगात आलेलं असे ना सगळं. त्यामुळे शेवटच्या रिळाला पाणी नाही. थंडीतल्या वाऱ्यानं कपडा वाळत जाई आणि बायांकडचा पिच्चर फिका होत जाई. शेवट येईतो त्यांना नुसता आवाज. आमच्या गावच्या बायांनी कोणत्याच पिच्चरचा शेवट धड पाहिलेला नाही. आतापर्यंत या गोष्टीचा कोणी विचार केला असेल असं मला वाटत नाही. मीही केला नव्हता.

डोंग्याच्या, म्हणजे होडीच्या, पिच्चरचा शेवट असा. एक बाई असते, नदीकाठच्या गावची. तिचा नवरा कमवायला शहरात जातो आणि दुसरी करून आणतो. ही त्या दोघांच्या हाताखाली सगळं करते, मार खाते, गाणी म्हणते. शेवटी नवरा तिचा सगळा दागिना घेऊन त्या दुसरीला डोंग्यात बसवतो आणि निघतो. ही काठावर उभी राहते. बोलत नाही. आपण डोंग्यात बसल्यासारखे तिच्याकडे पाहत राहतो, ती दूर दूर जाते, लहान लहान होते. बासरी वाजते आणि संपलं.

तर प्रश्न असा की काठावर ती हसते का रडते. बायांना दिसलं नाही आणि बासरीवरून काही कळत नाही. तलावाच्या घाटावर धुणं धुताना बायांनी या गोष्टीवरून वर्षानुवर्षं भांडण केलं. आमच्या शेजारणीचं म्हणणं, रडते. माझ्या बायकोचं म्हणणं, हसते. शेजारीण म्हणे, "नवरा चालला आन् हसन काऊन वो? पागल हाये का ते?" माझी बायको म्हणे, "सुटली म्हून हसते." हे ती घाटावर, सगळ्यांच्या समोर म्हणे, आणि मग कपडा आपटे. मला ते वाक्य कधी आवडलं नाही. मी समोरून पाहिलेला माणूस. मी म्हणे, रडते. चेहरा खरंच पाहिला होता का, तर तेव्हा पाहिला असेलच. नवरा गेल्यावर बाई रडत नाही तर काय करते?

असं हे प्रकरण. आणि ज्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी डोळ्याचं सांगितलं, त्या दिवशी तिला नातवंडं नाही, देव नाही, हे पाहायचं होतं.

पंधरवड्यात आम्ही ऊर्जानगरला गेलो. पोरानं मोबाईलवर तो पिच्चर शोधला, लगेच सापडला. मोबाईलमधून त्यानं तो टीव्हीवर चढवला आणि शेवट लावला. ती प्लास्टिकची बैठक ओढून टीव्हीच्या अगदी पुढे बसली, मान तिरपी केली. नदी गढूळ, माणसं गढूळ. डोंगा निघाला आणि काठावरच्या बाईचं तोंड म्हणजे कणकेचा गोळा. नाक नाही, डोळे नाही. मला चांगल्या डोळ्यांनी दिसेना, तिला काय दिसणार?

ती म्हणाली, "हे त बायांच्या बाजूनं पाह्यल्यावानी हाये."

पोरगा म्हणाला, "आई, हे कोणीतरी जुन्या कॅसेटवरून चढवलं असन. जवळून काढलेलं तोंड याच्यात चालते. एवढ्या दूरचं नाई दिसत."

मग त्यानं मला त्याचं शास्त्र सांगितलं. पिच्चर चकतीत घ्यायच्या लायकीचा आहे का, हे नट पाहून ठरवायचं नाही. गोष्ट चांगली आहे का हेही पाहायचं नाही. त्यात दूरचं आणि बारीक असं काही आहे का, जे दिसलं नाही तर पिच्चर अर्धवट राहील, ते पाहायचं. बोलणंच बोलणं असलेला पिच्चर मोबाईलवर पाहा, काही बिघडत नाही. आणि चकती घ्यायचीच तर मूळ रिळावरून साफ केलेली घ्यायची. कित्येक डब्ब्यांत खराब प्रिंटच फुगवून भरलेली असते.

"मंग हा घेण्यालायक हाये," मी म्हटलं.

"हाये. पण निघाला असन असं वाटत नाई. विकणारे पाहतात ना, कोण घेते ते. मारामारीचे साफ करतात, भुताचे करतात. बायांच्या रडण्याचे पिच्चर कोणी साफ नाई करत, बाबा."

"रडण्याचा नाई तो," हॉलच्या कोपऱ्यातून त्याची आई म्हणाली.

चंद्रपूरच्या बाजारात पोराच्या ओळखीचं दुकान होतं. आधी कॅसेटचं, मग सीडीचं, आता मोबाईलच्या कव्हरचं. मागच्या भिंतीला एका फळीवर निळ्या डब्ब्या उरलेल्या. पोराची पाळी होती म्हणून कंपनीच्या बसनं मी एकटाच गेलो. दुकानदाराला पिच्चर सांगितला तर तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "भाऊ, हा माझ्या आजीनं पाह्यला होता."

"आजी हाये का?"

"नाई आता."

"मंग मले दे."

त्यानं नागपूरला फोन लावला, दोन-तीन जणांशी बोलला. आठवड्यानं पुन्हा बोलावलं. गेलो तर त्यानं दोन डब्ब्या काढून ठेवल्या होत्या, एकच पिच्चर. एक स्वस्त, एक बरीच महाग. दोन्ही डब्ब्यांवर तीच बाई, तोच डोंगा.

"फरक कायचा हाये?"

"आतल्या मालाचा. ही मूळ रिळावरून साफ केली. ही तशीच हाये."

"दोनी लावून दाखव."

"स्वस्तवाली उघडी हाये, ते दाखवतो. दुसरीचं सील तोडलं का घ्याच लागते."

मी म्हटलं, "मी मासोळी विकली हाये जन्मभर. गिऱ्हाइकाले कल्ला उघडून लाल दाखवतो, मंग भावाचं बोलतो. तू डब्बी उघडून नाई दाखवत?"

"कल्ला उघडल्यावर गिऱ्हाईक गेलं त मासोळी वापस तलावात जाते का, भाऊ?"

दुकानातले दोघं-तिघं हसले. मला राग आला, पण बोलणं बरोबर होतं. त्यानं स्वस्तवाली लावली. मी म्हटलं, शेवट लाव. तो म्हणाला, गाणं लावतो ना चांगलं, रंग दिसतील. मी म्हटलं, मला रंग नको, शेवट लाव. लावला. मोबाईलपेक्षा बरा, पण काठावरच्या बाईचं तोंड अजून धुक्यातलंच. एवढं कळलं की तोंड आहे. मी महागवाली घेतली. आयुष्यात पहिल्यांदा मी माल न पाहता घेतला. पोरगा पैसे देतो म्हणाला होता, मी त्याला देऊ दिले नाहीत. दुकानदार डब्बी पिशवीत टाकता टाकता म्हणाला, "अजून कोणते पाहिजे असन त सांगून ठेवा, शोधतो." मी तिनं सांगितलेले आणखी दोन सांगून ठेवले. एक सवतीच्या मुलाचा होता, एक आंधळ्या सासऱ्याचा. त्यांचेही शेवट तिनं पाहिलेले नव्हते.

पोराच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी सुनेनं खिडकीवर जाड चादर लावली. उन्हाळा होता, बाहेर चुलीसारखं तापलं होतं. बायको म्हणाली, "शेवट लाव रे, बेटा." मी म्हटलं, पूर्ण लाव. पूर्ण पिच्चरचे पैसे मोजले आहेत आणि शेवटाच्या आधी बाई कोण आहे ते ताजं पाहिलेलं बरं. ती म्हणाली, माझ्या डोळ्याला तेवढी ताकद नाही. मी म्हटलं, मध्ये मध्ये मिटत जा. पोरानं माझं ऐकलं.

चकती काय चीज आहे ते तेव्हा मला दिसलं. पहिल्याच चित्रात नदी होती आणि पाण्यावर वाऱ्यानं उठलेली बारीक सुरकुती न् सुरकुती दिसत होती. बाईच्या हनुवटीवर तीळ होता, तो मी पूर्वी पाहिला नव्हता. गोल तोंडाची, भरल्या अंगाची, डोळ्यांत काजळ. मी बायकोला म्हटलं, "पाह्य, तीळ."

तिचं लक्षच नव्हतं. ती डाव्या बाजूला पाहत होती आणि तिथं नुसती भिंत होती. बाई उजवीकडच्या दारातून आली.

"हा तो नाई," ती म्हणाली.

"तोच हाये."

"तो असता त इकडून आली असती. चूल इकडे होती. तुमी दुसरा आणला."

पोरानं समजावलं की आई, तू पलीकडून पाहिला होता, म्हणून तुझ्याकडे सगळं उलटं होतं. ती त्याच्यावर चिडली. "मले समजते रे. पागल नाई मी." तिला समजत होतंच. पण डोळ्याच्या कडेनं जे थोडं दिसे ते ती आठवणीवर शोधत होती. जिथं बाई यायची तिथं ती आधीच मान वळवून बसे, आणि बाई दुसऱ्या बाजूनं येऊन निघून जाई. तिच्या आठवणीतला पिच्चर आणि हा पिच्चर एकमेकांना पाठ देऊन चालले होते.

मग मी तिच्या बाजूला खाली बसलो. "उजवीकडे पाह्य. आता डावीकडे. आता विहिरीजवळ हाये." थोडा वेळ तिनं ऐकलं. मग माझ्या हातावर चापट मारली. "तुमी बोलता त गाणं आयकू नाई येत." गाणी तिला सगळी पाठ होती. ती डोळे मिटून ओठातल्या ओठात म्हणत राहिली. मला आजपर्यंत माहीत नव्हतं की तिला ती येतात.

शेवट आला. डोंगा लागला, दागिन्यांची पेटी चढवली, दुसरी बाई चढली. सून सैपाकघरातून दाराशी येऊन उभी राहिली. बासरी सुरू झाली आणि काठ मागे जायला लागला.

"थांबव," मी म्हटलं.

पोरानं बटण दाबलं. चित्र जागच्या जागी थांबलं, हललं नाही, फाटलं नाही. त्यानं दुसरं बटण दाबून ती काठावरची बाई मोठी केली. बायको उठली. टीव्हीला नाक लागेल एवढी जवळ गेली, मान एकीकडून वळवली, दुसरीकडून वळवली, एक डोळा हातानं झाकला. कूलरचा तेवढा आवाज.

"दिसते का?" पोरानं विचारलं.

"पिवळं दिसते," ती म्हणाली. "लुगडं. त्याच्यावर काई नाई." थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग मागे येऊन बैठकीवर बसली. "तुमी पाहा. आन् खरं सांगा. मले वाईट वाटन म्हून सांगू नका, आन् आपली जिद म्हूनही सांगू नका."

मी पाहिलं. तोंड साफ होतं. स्वस्तवालीत जे धुकं होतं ते इथं नव्हतं. आणि ती ती बाई नव्हती.

लुगडं तेच, पिवळं. पण आतली बाई दुसरी. काळी, हडकुळी, हनुवटीवर तीळ नाही, हातावर कोपरापर्यंत गोंदण. लुगडं तिला आखूड झालं होतं, पोटऱ्या उघड्या होत्या. एक डोळा मिटलेला, एक बारीक, कपाळाला आठ्या, वरचा ओठ दातांवरून मागे गेलेला. ऊन तोंडावर आलेला माणूस जसा पाहतो तशी ती पाहत होती. ना हसत होती, ना रडत होती.

पोरानंही पाहिलं. तो हळूच म्हणाला, "डुप्लिकेट हाये. दूरचं चित्र ना. हिरोइन आली नसन त्या दिवशी, गावातलीच कोणी उभी केली असन लुगडं नेसवून. पडद्यावर कोणाले दिसते एवढ्या दुरून?"

"काय म्हणते तो?" बायको म्हणाली.

पोरगा माझ्याकडे पाहायला लागला. त्याच्या नजरेचा अर्थ मला कळला. हसते म्हणा आणि मोकळे व्हा, असा. पण तिनं खरं विचारलं होतं, आणि मी खोटं बोलून माल विकलेला नाही.

"हे ते बाई नव्हेच," मी म्हटलं. "दुसरी बाई हाये. तिचं लुगडं घालून उभी केली."

"दुसरी म्हंजे? सवत का?"

"नाई. पिच्चरमधलीच नाई. कोणी मजुरीची बाई असन तिथली."

मला वाटलं रडेल, किंवा म्हणेल तुम्ही चकतीच खोटी आणली. पण ती म्हणाली, "हसते का रडते?"

"काईच नाई. उन्हानं डोळे बारके केले तिनं."

"ऊन कुठचं हाये?"

"सावली पायातच हाये. भर दुपारचं."

"पायात काई हाये का तिच्या?"

मी जवळ जाऊन पाहिलं. "काई नाई. एक पाय दुसऱ्या पायावर ठेवून उभी हाये."

"रेती असन."

"हो, रेतीच हाये."

"मंग पोळत असन," ती म्हणाली.

पोरगा चित्र थांबवून तसाच उभा होता. तिनं त्याला विचारलं, "किती वेळ उभी ठेवत असन रे तिले?"

"काय सांगावं, आई. डोंगा परत आणून तीन-चार खेपा काढत असन. अर्धा दिवस जात असन."

"तिले कोणी सांगतलं असन का, का तुहा नवरा चालला म्हून?"

पोरगा थोडा हसला. "तिले फक्त उभी राह्य म्हणतलं असन."

"हं," ती म्हणाली. त्या बाईचं तोंड मोठं होऊन भिंतीवर तसंच होतं, एक डोळा मिटलेला. सुनेनं चादर काढू का म्हणून विचारलं. बायको म्हणाली, "आधी ते बंद कर. जाऊ दे तिले घरी."

रात्री जेवताना पोरगा म्हणाला, अजून कोणता पाहिजे तर सांग, शोधू. ती म्हणाली, नको. मी म्हटलं, त्या दुकानदाराला दोन सांगून ठेवले आहेत. ती म्हणाली, "कोणताच नको म्हणलं ना." मी वाद घालणारा माणूस आहे, पण समोर ताट होतं, मी जेवलो.

धान रोवणीच्या दिवसांत तिचा डावा डोळा गेला. दुखलं नाही. सकाळी उठून म्हणाली, आज आभाळ लई आलं का? आभाळ आलेलं नव्हतं. पुन्हा गडचिरोलीला गेलो, डॉक्टरीणबाईंनी बत्ती मारली, औषध लिहून दिलं. त्याच महिन्यात चंद्रपूरच्या दुकानदाराचा फोन आला. आंधळ्या सासऱ्याचा पिच्चर सापडला होता, मूळ रिळावरून साफ केलेला, एकच डब्बी. "घेण्यालायक माल हाये, भाऊ," तो म्हणाला. मी म्हटलं, असेल. दुसऱ्या कोणाला दे. तो म्हणाला, दुसरं कोण घेते हे. मी फोन ठेवला.

पोरगा अजून म्हणतो की दूरचं, बारीक असेल तो पिच्चर चकतीत घ्यावा. त्याचं यंत्राच्या बाजूनं बरोबर आहे. मी म्हणतो, आधी घरात विचारावं की दूरचं जवळ आणायचं आहे का. आणि विचारूनही सांगता येत नाही. आम्ही तर विचारून, मागितल्यावरच आणला होता.

यंदा मंडईच्या आधी शेजारीण आली. काठी टेकत, वाकलेली, पण जीभ तीच. बायको ओसरीवर वालाच्या शेंगा सोलत बसली होती, हातानं चाचपून. मी खाटेवर होतो.

"तू पाह्यला म्हणते समोरून," शेजारीण बसता बसता म्हणाली. "सून सांगत होती तुही. मंग कोणाचं खरं निघालं?"

बायकोनं शेंग सोलली, दाणे ताटात टाकले. "दिसलं नाई वो बाई. डोळ्यानं दगा दिला तवा."

"मंग रडतेच. मी त तवापासून सांगून राह्यली."

"असन."

"असन नाई, हायेच. पदर असा तोंडात धरते आन् रडते. धारा लागतात इथंवर." तिनं गळ्यापर्यंत बोट नेलं. वाळलेल्या कपड्यावर तिनं हे कुठं पाहिलं ते तिलाच माहीत. बायको मान हलवत होती. शेजारीण मग पहिल्यापासून पिच्चर सांगायला लागली, नवरा शहरात जातो तिथपासून.

माझ्या तोंडात शब्द आला होता. बायकोनं तोंड माझ्या दिशेनं केलं, खाटेच्या थोडं बाजूला, आणि तसंच ठेवलं. मी बोललो नाही. माझ्यासारख्याला ते सोपं नाही. शेजारणीच्या गोष्टीत डोंगा निघेपर्यंत ऊन कलायची वेळ झाली आणि सांगता सांगता तिचे स्वतःचेच डोळे भरले. ते पदरानं पुसून ती काठी शोधू लागली.

ती गेल्यावर बायको म्हणाली, "किती राह्यल्या पाहा."

"अर्धं टोपलं हाये," मी म्हटलं, आणि खाटेवरून उतरून तिच्या पुढ्यात सोलायला बसलो.